धुक्याच्या वाटेवरच्या बागा

जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला पहिल्यांदा उतरलेला आपला माणूस हमखास फसतो. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, म्हणून तो सुती कपड्यांनिशी येतो आणि संध्याकाळी गोल्डन गेटकडून धुक्याचा लोट शहरात शिरला की कुडकुडत स्वेटर शोधायला निघतो. या राज्यात वाइनची चांगली द्राक्षं कुठे होतात, याचं निम्मं उत्तर त्या धुक्यात आहे. ऊन तिथे सगळीकडेच आहे. गारवा मात्र मोजक्या ठिकाणीच पोचतो, आणि तो नेमका कुठे पोचतो हे मोजून पाहायला पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

किनाऱ्याला लागून उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो. उन्हाळी वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, त्या जागी खोलातलं आणखी गार पाणी वर येतं आणि त्यावरच्या दमट हवेचं धुकं होतं. डोंगरापलीकडचं मध्य खोरं दिवसभर तापलेलं असतं. तिथली हवा वर चढते आणि समुद्रावरची हवा खिंडीखिंडींतून आत ओढली जाते. गोल्डन गेट ही त्यातली सर्वात मोठी खिंड. तिथून शिरलेलं धुकं सॅन पाब्लो उपसागरावरून कार्नेरोसच्या टेकड्यांवर आणि नापा खोऱ्याच्या दक्षिण तोंडाशी येतं. म्हणूनच नापात उत्तरेला जावं तसा उकाडा वाढतो. सकाळी वेली धुक्यात बुडालेल्या असतात, दुपार व्हायच्या आत आभाळ मोकळं होतं आणि ऊन चटके देऊ लागतं. दिवसा मण्यात गोडी भरते, रात्रीच्या थंडीत आंबटपणा टिकून राहतो. नाशिक-दिंडोरीकडच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. मण्यात पाणी उतरल्यावर थंड रात्रींचं मोल त्याला ठाऊक असतं. तिकडे हे काम ऐन उन्हाळ्यात समुद्र करतो, इतकाच फरक.

पहिल्या वेली लावणाऱ्यांनी हवामान पाहिलंच नव्हतं. 1769 मध्ये स्पॅनिश धर्मगुरूंनी सॅन दिएगोला पहिलं मिशन उभारलं आणि 1823 पर्यंत उत्तरेत सोनोमापर्यंत अशी 21 मिशनं झाली. प्रार्थनेसाठी वाइन लागे, म्हणून मिशन तिथे बाग. ती राबवली स्थानिक आदिवासींच्या श्रमावर, आणि ते श्रम स्वखुशीचे होते असं म्हणवत नाही. पुढे धंद्यासाठी बागा उभ्या राहिल्या त्या लॉस एंजेलिसमध्ये. बोर्दोहून आलेल्या जाँ-लुई विन्य यांनी 1830 च्या दशकात तिथे युरोपातल्या जातींच्या वेली लावल्या. शहरातल्या एका रस्त्याला आजही त्यांचं नाव आहे, बागेचा मात्र मागमूस नाही. जवळच अनाहाइमला जर्मन कुटुंबांनी 1857 मध्ये द्राक्षांची वसाहत वसवली. 1880 च्या दशकात तिथल्या वेलींची पानं कडेने करपू लागली आणि काही वर्षांत बागाच्या बागा वाळून गेल्या. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या जिवाणूचा तो रोग होता, पण हे समजायला पुढे कित्येक दशकं गेली. लोकांनी संत्री लावली. त्याच संत्र्यांच्या पट्ट्यात 1955 मध्ये डिस्नीलँड उभं राहिलं.

तोवर वाइनचं केंद्र उत्तरेला सरकलं होतं. 1849 च्या सोन्याच्या धावपळीने सॅन फ्रान्सिस्कोला गिऱ्हाईक आणून दिलं होतं. ऑगोस्टन हाराझ्थी या हंगेरियन गृहस्थांनी 1857 मध्ये सोनोमात ब्युएना व्हिस्टा ही वाइनरी काढली. नापात चार्ल्स क्रूग यांची 1861 ची. डोंगर पोखरून तळघरं खणण्याचं काम बरंचसं चिनी मजुरांनी केलं, आणि 1882 मध्ये त्याच चिनी कामगारांना देशाची दारं कायद्याने बंद झाली. 1870 च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड सोनोमात सापडली. कीड मूळची अमेरिकेच्या पूर्व भागातली, म्हणून तिथल्या जंगली वेलींची मुळं तिला दाद देत नाहीत. अशा खुंटावर युरोपीय जातीचं कलम बांधायचं, हाच उपाय ठरला. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर डोळा भरतात तो क्षारपड जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी, पण तो खुंटही अमेरिकन जंगली वेलींच्याच कुळातला.

या इतिहासात मला सर्वात जास्त हळहळ वाटते ती दारूबंदीच्या काळाची. 1920 ते 1933 अशी तेरा वर्षं वाइनऱ्या बंद पडल्या, धर्मविधींसाठी वाइन करायचा परवाना असलेल्या थोड्या तेवढ्या तगल्या. वेली मात्र वाढल्या! कायद्यात एक फट होती: घरच्या घरी, घरच्यापुरता वर्षाला 200 गॅलन फळांचा रस करायला मुभा होती. तो रस फसफसून पुढे काय होई, हे सांगायला नकोच. मग शिकागो-न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांसाठी रेल्वेचे डबेच्या डबे द्राक्षं जाऊ लागली. नाजूक, पातळ सालीचा माल त्या प्रवासात टिकत नसे. तेव्हा शेतकऱ्यांनी चांगल्या जाती काढून आलिकांते बूशे लावली. जाड सालीची, गरसुद्धा लाल असलेली ही जात. दुसऱ्यांदा पाणी घालून पिळली तरी रंग देई. बंदी उठली तेव्हा जमिनीत वेली होत्या, पण चांगल्या वाइनच्या फार थोड्या. करणारे हात विखुरले होते आणि पिणाऱ्यांची जीभ गोड, कडक वाइनला सरावली होती. हे भरून यायला तीसेक वर्षं लागली.

भरून काढणाऱ्यांत डेव्हिसच्या कृषी महाविद्यालयातले दोन प्राध्यापक होते, अल्बर्ट विंकलर आणि मेनार्ड अमेरिन. 1944 मध्ये त्यांनी राज्याचे उष्णतेनुसार पाच विभाग पाडले. हिशेब सोपा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर रोजचं सरासरी तापमान घ्यायचं, त्यातून 50 अंश फॅरनहाइट वजा करायचे, उरेल त्याची बेरीज करत जायची. आज सरासरी 70 असेल तर खात्यावर 20 जमा. मोसमाची बेरीज 2500 च्या आत राहिली तर पहिला, सर्वात थंड विभाग. 4000 च्या वर गेली तर पाचवा. या कोष्टकाच्या भरवशावर पुढे माँटेरीच्या सॅलिनास खोऱ्यात मोठ्या लागवडी झाल्या. पण दुपारचा खारा वारा कोष्टकात नव्हता. खोऱ्याच्या उत्तर भागात काबर्ने ही लाल वाइनची जात पिकेचना आणि वाइनला ढोबळ्या मिरचीचा वास येई.

1966 मध्ये रॉबर्ट मोंडावींनी ओकव्हिलला वाइनरी काढली. 1968 मध्ये नापा परगण्याने खोऱ्यातली जमीन शेतीसाठी राखून ठेवली. तो निर्णय झाला नसता तर तिथे आज बंगले असते. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्यांनी फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची नावं झाकून चव घ्यायला लावली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांच्या गुणांवर लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत नापाच्या 1973 च्या वाइन पहिल्या आल्या. 1981 मध्ये नापा व्हॅली हा कॅलिफोर्नियातला पहिला अधिकृत द्राक्षप्रदेश ठरला. बाटलीवर अशा प्रदेशाचं नाव घालायचं तर 85 टक्के द्राक्षं तिथलीच हवीत. जात कोणती लावायची यावर फ्रान्ससारखं बंधन नाही.

पण राज्यातली निम्म्याहून अधिक वाइनची द्राक्षं आजही उष्ण मध्य खोऱ्यात पिकतात, आणि त्या खोऱ्याचं नाव बाटलीवर क्वचितच दिसतं. आपल्या घराघरात पोचलेली थॉमसन सीडलेस तिथेच 1870 च्या दशकात विल्यम थॉमसन यांनी रुजवली. सांगलीची तास-ए-गणेश हा तिचाच निवडलेला वाण. याच खोऱ्यात डेलानोला 8 सप्टेंबर 1965 रोजी फिलिपिनो मजुरांनी तोडणी थांबवली, आठवड्याभरात कामगार नेते सेझर चावेझ यांचे मेक्सिकन साथी त्यांना मिळाले आणि पाच वर्षांनी मळेवाल्यांना करार करावे लागले. बोलणं नेहमी नापाच्या तळघरांचं होतं. उन्हात वाकून घड तोडणाऱ्यांचा हा लढा त्याच्या आधी सांगायला हवा, असं मला वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सांता क्लारा खोऱ्यातही एकेकाळी फळबागा आणि द्राक्षं होती. तिथे सिलिकॉन व्हॅली झाली. तिथली नोकरी सोडून 1990 च्या दशकात राजीव सामंत नाशिकला परतले, सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की त्यांच्या मदतीला आले आणि 2000 मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. सोबत कॅलिफोर्नियातली झिनफँडेल ही द्राक्षाची जातही गंगापूरच्या परिसरात आली.

2017 आणि 2020 च्या वणव्यांनी नापा-सोनोमात मोठं नुकसान केलं. जळालेल्या बागांपेक्षा धुराने वास लागून वाया गेलेला माल अधिक होता. उन्हाळेही तापत चाललेत, त्यामुळे नव्या लागवडी समुद्राच्या दिशेने सरकताहेत. सोनोमाच्या पश्चिम किनाऱ्याला 2022 मध्ये स्वतंत्र प्रदेशाची मान्यता मिळाली. इथे द्राक्षं पिकणारच नाहीत, इतकी थंडी आहे, असं पूर्वी म्हणत. आता तिथल्या डोंगरधारांवर, धुक्याच्या थराच्या जरा वर, पिनो न्वार या लाल वाइनच्या जातीच्या वेली आहेत.