प्रवासात विणायला मफलर: वीण कोणती घ्यावी?

दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावी निघण्याआधी बरीच गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारतात, "गाडीत विणायला काहीतरी सोपं सांगा." हे पत्रक त्यांच्यासाठी.

प्रवासात चहावाला येतो, तिकीट तपासनीस येतो, मूल रडतं. ओळ अर्धवट सोडून उठावंच लागतं. परत बसल्यावर कागद न काढता, नुसत्या विणीकडे पाहून पुढचा टाका कळला पाहिजे. हे ज्या विणीत जमत नाही, ती घरच्या खुर्चीसाठी ठेवा.

सुया पहिल्यांदाच हातात घेतल्या असतील, तर सगळे टाके सुलट, सगळ्या ओळी सुलट. ८ प्लायची (म्हणजे मध्यम जाडीची) लोकर, ४.५ मिमीची सुई (जुन्या मापात ७ नंबर; या मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे विसरू नका) आणि ३६ टाके. रुंदी साधारण १८ सेंटीमीटर भरते. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा गुंडाळत नाहीत. दोन ओळींची एक धारी होते, त्यामुळे किती विणून झालं ते धाऱ्या मोजून कळतं.

सुलट-उलट येत असेल, तर आमची पसंती वेगळी आहे. ३९ टाके घाला. २ सुलट, २ उलट असं विणत जा. शेवटी ३ टाके उरतील: २ सुलट, १ उलट. पुढची ओळ अगदी तश्शीच, आणि त्यापुढचीही. पाठ करायला एवढी एकच ओळ, पण टाके दर ओळीला एकाने सरकत असल्यामुळे उभ्या, खोलगट पट्ट्या उमटतात आणि बघणाऱ्याला वाटतं, फार अवघड विणलंय. ओळीच्या शेवटी २ सुलट, १ उलट जुळलं नाही, तर चूक त्याच ओळीत आहे, तिथेच उसवा. वीण आत ओढली जाते, म्हणून मफलर थोडा अरुंद पण जाड होतो. गळ्याला हाच उबदार.

एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत गाठीसारख्या दिसणाऱ्या टाक्यावर सुलट, सपाट दिसणाऱ्यावर उलट अशी दाणेदार वीणही सुरेख दिसते. फक्त दर टाक्याला लोकर पुढे-मागे घ्यावी लागते, काम रेंगाळतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी सपाट वीण मात्र मफलरला घेऊ नका. विकतच्यासारखी दिसते म्हणून तीच जास्त मागतात, पण कडा पन्हळीसारख्या वळतात. इस्त्रीने बसतील म्हणाल, तर ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की लोकर चपटी, निर्जीव होते. जाळीची वीण आणि पीळ (टाके एकमेकांवरून ओलांडून केलेली दोरखंडासारखी नक्षी) घरीच बरे. पिळाची जादा सुई बर्थखाली गेली की शोधणार कोण?

विणीची परीक्षा घ्यायची असेल तर कोकण रेल्वेवर घ्या. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. डब्यातले दिवे मंद असताना तेवढा वेळ हात चालू राहिले, तर वीण प्रवासाची.

लोकर मध्यम किंवा फिक्या रंगाची घ्या. काळ्या-निळ्यात रात्री टाके दिसत नाहीत. १५० सेंटीमीटर लांबीला साधारण २०० ग्रॅम लागते. सगळे गुंडे एकदम आणि एकाच लॉट नंबरचे (म्हणजे एकाच वेळी रंगवलेले) घ्या; मनालीच्या बाजारात तुमचा लॉट मिळायचा नाही. मनाली येईपर्यंत मफलर पुरा होईल, ही आशाही नको.

लांब सरळ सुयांऐवजी ६० सेंटीमीटरची गोल सुई (दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली) घ्या. तिच्यावर सपाटही विणता येतं, शेजाऱ्याला कोपर लागत नाही आणि एक सुई हरवण्याचा प्रश्नच उरत नाही. गुंडा आतल्या टोकाने उलगडा, पिशवीबाहेर पळत नाही.

विमानाने जाणार असाल तर सुया केबिनमध्ये चालतात का, ते विमान कंपनीला आधी विचारा. तरीही तपासणीला उभा असलेला माणूस नाही म्हणाला की नाहीच. म्हणून निघण्यापूर्वी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून दाभणाने एक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. सुई काढून घेतली तरी टाके दोऱ्यावर शाबूत राहतात.

पहिल्या दहा ओळी घरीच विणून घ्या; टाके घालायचं काम धक्के खाणाऱ्या गाडीत करू नये. अडलं तर दुकानात या, सुरुवात करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. उरलेले गुंडे लेबलासकट आणले तर बदलून मिळतील.