पुस्तक सरकारचं, वही कोणाची?

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेशासाठी निधी येतो, दुपारी खिचडी शिजते. वही मात्र घरूनच आणायची. ही विभागणी बरीच जुनी आहे.

1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खडू-फळा योजना आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य. हे साहित्य शाळेचं होतं, मुलाचं नव्हे, आणि मोडतोड झाली तर भरून कोण देणार या धास्तीने कित्येक ठिकाणी ते कपाटातच राहिलं. 1992 मध्ये दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीपोटी रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत; तक्ते आणि स्केचपेनांतच ते संपत.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यासोबतच्या केंद्राच्या नमुना नियमांत पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि लेखनसाहित्य ही तिन्ही मोफत द्यायची असं लिहिलेलं आहे. पहिल्या दोन्हींना योजना मिळाली, तिसरं नियमातच राहिलं. सर्व शिक्षा अभियानाच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी. खडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल सगळं त्यातच भागवायचं म्हटल्यावर वह्यांना काय उरणार?

म्हणूनच राज्य सरकारचा मार्च 2023 चा निर्णय नीट पाहायला हवा. दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकात पाठांना जोडून वहीची कोरी पानं घालायची आणि पुस्तक चार भागांत छापायचं, असं ठरलं. कारणं दोन सांगितली गेली: दप्तराचं ओझं आणि गरीब पालकांना न परवडणाऱ्या वह्या. दुसरं कारण सरकारी कागदावर आलं, हेच मोठं होतं. अडचण होती ती रचनेत. शब्दार्थ, महत्त्वाचे मुद्दे, सूत्रं या नोंदींसाठी ती पानं ठीक होती; पण मूल वही भरतं ते शुद्धलेखनाने, पाढ्यांनी, खाडाखोडीने. एका पाठाच्या शुद्धलेखनालाही ती जागा अपुरी. गृहपाठाची वही वेगळी लागायचीच, ती पालकांनीच आणायची. एक भाग संपून दुसरा दप्तरात आला की आधीच्या नोंदी घरी राहायच्या. शिवाय लिहिलेलं पुस्तक पुढच्या मुलाला देता येत नाही. जूनमध्ये नवी पुस्तकं यायला उशीर झाला की जुन्या संचांवर वेळ निभावून नेण्याची शाळांची सोयही त्यात गेली.

जानेवारी 2025 मध्ये पानं रद्द झाली. मुलं वह्या आणतातच, ओझंही घटलं नाही, असं कारण दिलं गेलं. ते खरंच होतं. पण परवडत नसल्याचं जे कारण 2023 मध्ये मान्य केलं होतं, त्याचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही. याच काळात राज्यभर एकसारख्या गणवेशाचा प्रयोगही फसला. कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली, मापं चुकली, आणि 2025-26 पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. त्यावर भरपूर ओरड झाली. वहीवर झाली नाही, कारण वही न आणलेलं मूल वर्गात चटकन दिसत नाही.

जिथे पैसा आहे तिथे हा प्रश्न सुटलेला आहे. मुंबईतल्या पालिका शाळांत मुलांना वह्या-दप्तरासह 27 वस्तू मिळतात. ग्रामीण भागात पालिकेच्या पैशाची जागा लोकसहभागाने घेतली. सप्टेंबर 2023 च्या शाळा दत्तक योजनेत देणगीदाराचं नाव शाळेला जोडण्याची मुभा आली, पण तिथल्या रकमा लाखांत. गावातल्या माणसाचं दान त्याहून साधं असतं: माजी विद्यार्थ्यांच्या बॅचने दिलेल्या डझनभर वह्या, ग्रामपंचायतीकडून पाट्या. आणि पुढाऱ्याचा वाढदिवस. ‘हार-तुरे नकोत, वह्या द्या’ अशा आवाहनातून गोळा झालेले गठ्ठे शाळेत पोहोचतात. वाटपाच्या वहीच्या मुखपृष्ठावर बहुधा साहेबांचा फोटो असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अशा वह्यांना खाकी कव्हर घालायचं काम मुख्याध्यापकांकडे येतं.