अनवाणी पावलांचा मान

ख्रिस्ती कलेत पाय कुणाचे उघडे दाखवायचे आणि कुणाचे झाकायचे, याचे एके काळी संकेत ठरलेले होते. तेराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या कॅथेड्रलांमध्ये देव, ख्रिस्त, देवदूत आणि प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, अनवाणी असतात. येशूची आई मरिया, तिच्या पायांत मात्र पादत्राणं. अनवाणी असणं ही तिथे गरिबीची खूण नव्हे, मानाची.

मूळ बायबलमध्येच आहे. जळत्या झुडपापाशी संदेष्टा मोशेला जोडे काढायला सांगितलं जातं, कारण ती भूमी पवित्र आहे. देवळाच्या पायरीशी चपला काढणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या सहाव्या शतकातल्या मोझेकमध्ये मोशे वाकून वहाणेचा बंद सोडताना दिसतो. दुसरा धागा येशूच्या आज्ञेचा. शिष्यांनी वाटेला लागताना थैली घेऊ नये, जोडेही घेऊ नयेत. हेच वचन ऐकून असिसीच्या संत फ्रान्सिसने पायांतले जोडे टाकले, आणि अनवाणी पाऊल गरिबीच्या व्रताशीही जोडलं गेलं.

पण चित्रातली ही पावलं स्वच्छच असत. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने त्यांना मळ लावला. 1602 साली रोमच्या एका चर्चसाठी त्याने काढलेला संत मत्तय नाकारला गेला. तंगडीवर तंगडी टाकून बसलेला आणि पाय लोकांच्या तोंडासमोर आलेला हा माणूस संत दिसत नाही, अशी तक्रार झाल्याचं चरित्रकार बेल्लोरी सांगतो. गंमत म्हणजे त्याच जागी आज असलेल्या दुसऱ्या चित्रातही मत्तय अनवाणीच आहे. प्रेषिताला तो हक्क होताच. खटकलं ते मजुराचं पाऊल.

पुढे सांत आगोस्तीनो चर्चमधल्या 'लोरेतोची माता' या चित्रात त्याने गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे थेट पाहणाऱ्याकडे वळवले. मरियाही उंबऱ्यात अनवाणी उभी. लोकांनी त्यावर बराच गलका केला, असं त्याचा समकालीन चित्रकार आणि चरित्रकार बाल्योने याने लिहून ठेवलं आहे.

'मरियेचा मृत्यू' या चित्राचं तर आणखीच विचित्र झालं. मरियेचं फुगलेलं शरीर आणि उघडे पाय पाहून ते परत करणारे साधू होते 'अनवाणी' म्हणवणाऱ्या कार्मेल पंथाचे! चित्रकार रूबेन्सच्या सल्ल्यावरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं. 1607 मध्ये रोमबाहेर नेण्याआधी ते आठवडाभर लोकांना पाहायला ठेवावं लागलं.