जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधले मिलिमीटर

‘कॅमेरा ऑटोफोकसचा, त्यावर जुनी हाताने फिरवायची लेन्स कशी चालेल?’ हा प्रश्न वारंवार कानावर येतो. उत्तर आहे, छान चालते. जुन्या लेन्सना आजचे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे जितके मानवतात, तितके आरसा असलेले डीएसएलआर कधीच मानवले नाहीत. अडचण ऑटोफोकसची नसून अंतराची असते.

लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. माउंट म्हणजे लेन्स बसवायची जोडणी; जुन्या, आट्यांच्या एम४२ माउंटचं ते ४५.४६ मिमी, कारण मध्ये आरशाला हलायला जागा लागे. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून सोनी ई-माउंटचं अंतर फक्त १८ मिमी. उरलेले २७.४६ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर.

उलट परिस्थितीत मात्र गणित फसतं. कॅनन एफडी लेन्सला ४२ मिमी हवेत, पण ईएफ माउंटच्या डीएसएलआरमध्ये आधीच ४४ आहेत. अडॅप्टरची जाडी शून्य धरली, तरी लेन्स २ मिमी पुढेच राहते. आता शाळेतलं भिंगाचं सूत्र थोडं फिरवून घ्या: नाभीय अंतराच्या वर्गाला या जादा अंतराने भागा आणि त्यात नाभीय अंतर मिळवा. ५० मिमी लेन्ससाठी २५०० ÷ २ + ५० = १३०० मिमी. म्हणजे सव्वा मीटरच्या थोडं पुढे गेलं की सगळं धूसर!

हेच सूत्र अडॅप्टरच्या जाडीलाही लावा. तो हवा त्यापेक्षा ०.१ मिमी जाड झाला, आणि लेन्स ५० मिमीचीच असली, तर फोकस जेमतेम २५ मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणून अनेक उत्पादक तो मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग लेन्सवरची ‘अनंत’ची खूण चुकते. तिच्यावर विसंबू नका, पडद्यावर चित्र मोठं करून पाहा. फोकस पीकिंग सुरू केलं, तर स्पष्ट कडा रंगीत दिसतात. लेन्स लावल्याचं कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे ‘लेन्सशिवाय शटर’ची सोय मेनूतून चालू करावी लागते.

जुन्या काचेत ‘जादू’ असते, हा प्रचार मला पटत नाही. हेलिओस ४४ या जुन्या लेन्सची प्रसिद्ध भोवऱ्यासारखी पार्श्वभूमी बव्हंशी लेन्सच्या कडांनी तिरपे किरण अडवल्यामुळे दिसते. दोष आहे, सुंदर दोष आहे, आणि तो प्रकाशशास्त्राने पूर्ण समजतो.

आता तर मोटर असलेले अडॅप्टरही आहेत. लायका एम लेन्ससाठीचा टेकआर्टचा अडॅप्टर अख्खी लेन्स ४.५ मिमी पुढे सरकवून ऑटोफोकस करतो. ५० मिमी लेन्सला तेवढं सरकणं सुमारे ६० सेंमीपर्यंत जवळ यायला पुरतं. १३५ मिमीला मात्र सुमारे ४.२ मीटरच्या अलीकडे येता येत नाही. तिथे लेन्सची रिंग आधी हातानेच फिरवावी लागते.