बॅटरीशिवाय सोन्याचा मुलामा

‘दीड हजार वर्षांपूर्वी पेरू देशात वीज होती’ असा एक फॉरवर्ड फिरतो. पुरावा काय, तर तिथल्या प्राचीन मोचे लोकांच्या तांब्याच्या पत्र्यांवरचा सोन्याचा थर, जेमतेम अर्धा ते दोन मायक्रॉन जाडीचा. इतका पातळ मुलामा बॅटरीशिवाय कसा चढेल, असा सवाल.

उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांबे चढते. तिथे कुठे वायर असते?

पेरूच्या उत्तरेकडच्या लोमा नेग्रा इथल्या वस्तूंचा अभ्यास अमेरिकेतल्या ‘एमआयटी’च्या हेदर लेक्टमन यांनी केला. त्यात नाकाच्या पडद्यात अडकवायची, ओठांवर लोंबणारी आभूषणेही होती. पत्रा ठोकून जोडलेला, तरी मुलामा सगळीकडे सारखा, अगदी पत्र्याच्या कडेवरही. वर्ख चिकटवला असता तर कडेला दुमड दिसली असती.

मग त्यांनी त्या काळी मिळणाऱ्या पदार्थांनीच करून पाहिले. तुरटी, मीठ आणि सोरा पाण्यात घालून काही दिवस गरम ठेवले की सोने हळूहळू विरघळते. पण हे द्रावण आम्लधर्मी असते, ते तांब्यालाच खाते. म्हणून त्यात खाण्याच्या सोड्यासारखा क्षार घालून ते किंचित अल्कधर्मी करायचे, मग लखलखीत घासलेला पत्रा सोडून उकळायचे. तांब्याचे तीन अणू इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतात आणि त्यांच्या जागी सोन्याचे दोन अणू बसतात (तांब्याच्या आयनाचा विद्युतभार २, सोन्याच्या आयनाचा ३, म्हणून हा हिशेब). गंमत म्हणजे तांबे झाकले गेले की देवघेव आपोआप मंदावते, कारण इलेक्ट्रॉन देणारा पृष्ठभागच उरत नाही. थर पातळ राहतो तो यामुळेच. शेवटी पत्रा तापवला की दोन्ही धातूंचे अणू सीमेवर एकमेकांत शिरतात आणि मुलामा घट्ट बसतो. मूळ वस्तूंच्या छेदात सूक्ष्मदर्शकाखाली ही मिसळण दिसते.

मोचेंना लिपी नव्हती, त्यामुळे कृती लिहिलेली सापडणार नाही. पण वीज, परग्रहवासी वगैरे आणायची गरज या रसायनाला पडत नाही. तसे म्हणणे हा त्या कारागिरांचा अपमानच.

आणि हो, लोमा नेग्राच्या या वस्तू मिळाल्या तेव्हा सोनेरी नव्हत्याच. खालचे तांबे गंजून मुलाम्याबाहेर आले होते आणि सगळ्यावर हिरवा थर चढला होता. सोने दिसले ते साफसफाई करताना.