सीआरपी २१२ म्हणजे किती वाईट?

भाताची लावणी आटोपून आठवडा झाला आणि सत्तरीतल्या माझ्या काकांना हुडहुडी भरून ताप आला. बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेल्यावर चुलतबहिणीने रिपोर्टचा फोटो पाठवला. मी फोंड्याच्या एका लॅबमध्ये काम करते, म्हणून प्रश्न मला: "ताई, सीआरपी २१२ म्हणजे किती वाईट?"

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरात दाह (सूज) असला की रक्तात वाढणारं प्रथिन. मी आधी एकक पाहिलं. मिलिग्रॅम प्रति लिटर. काही लॅब प्रति डेसिलिटरमध्ये देतात. तिथे दहापटीचा फरक पडतो. निरोगी माणसाचा सीआरपी साधारण १० च्या खाली असतो, तेव्हा २१२ खूपच. पण दाह कशामुळे, ते त्यातून कळत नाही. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेलं हे प्रथिन यकृत बनवतं, तेही इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाचा निरोप मिळाल्यावर. हाड मोडलं, मोठी शस्त्रक्रिया झाली, तरी तोच निरोप जातो. शिवाय शिखर गाठायला दीड-दोन दिवस लागतात.

रिपोर्टवर दुसरा आकडा होता प्रोकॅल्सिटोनिनचा, १८. मला हे प्रथिन फार विलक्षण वाटतं. एरवी ते थायरॉइड ग्रंथीत तयार होतं आणि तिथेच कापलं जाऊन त्याचं कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनतं. रक्तात जवळजवळ उतरतच नाही. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की मात्र यकृत, फुप्फुसं, अगदी चरबीच्या पेशीसुद्धा ते बनवू लागतात. त्याचं संप्रेरक करायची सोय या पेशींकडे नसते, म्हणून ते कच्चंच रक्तात येतं आणि काही तासांत चढतं. विषाणूंच्या तापात इंटरफेरॉन गॅमा हे शरीराचंच दुसरं निरोप्या प्रथिन ही निर्मिती दाबून धरतं, त्यामुळे तिथे ते सहसा इतकं चढत नाही. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या शेतातल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजारात) मात्र चढू शकतं. तरी १८ या आकड्यावर जंतूचं नाव लिहिलेलं नसतं.

असे आकडे दिसले की सेप्सिसची शंका येते. पण सेप्सिस म्हणजे नुसता संसर्ग नव्हे. २०१६ च्या व्याख्येनुसार, संसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद बेताल होतो आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. म्हणून मी बहिणीला उलट विचारलं: लघवी होते का? नीट ओळखतात का? धाप लागते का? बीपी किती? आणि लॅक्टेट, म्हणजे पेशींवर ताण आला की रक्तात वाढणारा घटक, तो किती?

लघवी कमी होती, लॅक्टेट २ च्या वर. डॉक्टरांनी या रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक आधीच सुरू केलं होतं, हे ऐकून मला हायसं वाटलं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सुचवतात: औषध सुरू करायचं की नाही हे प्रोकॅल्सिटोनिनवर ठरवू नये; थांबवायचं कधी, हे ठरवताना त्याची मदत घ्यावी. दिवसागणिक ते साधारण निम्म्यावर येत गेलं, तर उपचार लागू पडताहेत असं समजतात.

सहाव्या दिवशी आकडा ०.९ आला. लघवी भरपूर, श्वास शांत. त्या सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी पहिल्यांदा अँटिबायोटिक थांबवण्याचा विषय काढला.