अनिवासी खाते

अनिवासी खाते : परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती भारतातील बँकेत उघडू शकेल असे खाते. एनआरई (नॉन-रेसिडेंट एक्स्टर्नल), एनआरओ (नॉन-रेसिडेंट ऑर्डिनरी) आणि एफसीएनआर-बी (फॉरेन करन्सी नॉन-रेसिडेंट, म्हणजे परकीय चलनातील ठेव) हे त्याचे प्रचलित प्रकार. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा, १ जून २००० पासून लागू) आणि त्याखालील रिझर्व्ह बँकेची २०१६ ची ठेव-विनियमावली हा त्याचा कायदेशीर पाया होय.

एनआरई योजना साधारणतः १९७० पासूनची मानतात. परकीय चलनातील ठेवी १९७५ च्या सुमारास आल्या. त्या मूळ योजनेत विनिमयदराची जोखीम रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे घेतली होती. रुपया घसरत गेला तसा हा भार वाढला आणि १९९४ मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली. तत्पूर्वी, १९९३ मध्ये सुरू झालेल्या एफसीएनआर-बी योजनेत ही जोखीम बँकांकडे गेली. जुनी योजना ‘ए’ म्हणून नवी ‘बी’, असा समज रूढ आहे. परंतु विनियमावलीत ‘बँक्स’ हा शब्द योजनेच्या नावातच असल्याने ‘बी’ त्यावरून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अनिवासी कोण, हा खरा गुंतागुंतीचा प्रश्न. आयकर कायदा मुख्यतः त्या त्या वर्षातील मुक्कामाचे दिवस मोजतो. फेमा मागील आर्थिक वर्षातील १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य पाहतो. मात्र नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने देश सोडणाऱ्याला निवासी या व्याख्येतून वगळतो. अशी व्यक्ती निघाल्या दिवसापासून अनिवासी, की पुढील आर्थिक वर्षापासून, याविषयी दोन मते आढळतात. अपवादाची शब्दरचना आणि बँकांचा प्रघात पाहता पहिले मत स्वीकारणे सुरक्षित. त्यामुळे सप्टेंबरात नोकरीसाठी गेलेली व्यक्ती फेमानुसार लगेच अनिवासी ठरते, तर आयकरासाठी त्याच वर्षी तिचा दर्जा दिवसांच्या हिशेबावर ठरतो. शिक्षणासाठी गेलेल्यांनाही रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ च्या परिपत्रकाने अनिवासी मानले आहे. हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. एनआरई व्याजाची करमाफी फेमातील दर्जावर अवलंबून आहे, आयकरातील दर्जावर नव्हे; जाणकारही इथे चुकतात.

एनआरई हे रुपयांतील खाते असून त्यात परदेशातून आलेली रक्कम, किंवा दुसऱ्या एनआरई वा एफसीएनआर-बी खात्यातील रक्कम जमा होते. मुद्दल व व्याज दोन्ही बाहेर नेता येतात. मुदत ठेव किमान एक वर्षाची. त्याआधी मोडल्यास व्याज मिळत नाही. भारतातील घरभाडे, लाभांश, निवृत्तिवेतन यांसाठी एनआरओ. त्याच्या व्याजावर ३० टक्के दराने, शिवाय लागू अधिभार व उपकर मिळवून, उद्गमस्थानी करकपात होते आणि त्याला किमान मर्यादा नाही. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातील कमी दर हवा असल्यास राहत्या देशाचे कर-निवास प्रमाणपत्र बँकेत वेळेवर द्यावे लागते. एनआरओतील शिल्लक एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येते. भाडे, व्याज यांसारखे चालू उत्पन्न कर भरल्यावर या मर्यादेबाहेर राहते. एफसीएनआर-बी ही १ ते ५ वर्षांची, परकीय चलनातीलच मुदत ठेव.

रक्कम पाठवताना स्विफ्टच्या (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याच्या) मार्गात मधली बँक शुल्क कापू शकते. पाठवणाऱ्याने सर्व शुल्क स्वतःकडे घेण्याचा पर्याय निवडला नसेल तर खात्यात कमी रक्कम पोचते. मोठा तोटा मात्र बहुधा शुल्कात नसून विनिमयदरातील फरकात दडलेला असतो, म्हणून ‘मोफत हस्तांतरण’ तपासताना हाती येणारे रुपये मोजावेत. आयएफएससी (भारतातील बँकशाखेचा संकेत) ११ अक्षरांचा असतो व पाचवे स्थान नेहमी शून्याचे. तिथे इंग्रजी ‘ओ’ टंकल्याने रक्कम अडकते. भारतात आयबान (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक) नाही. अर्जात तो मागितला गेल्यास खाते क्रमांक व स्विफ्ट संकेत देतात. नावातील फरक आणि चुकीचा वा सुटलेला उद्देश-संकेत (रक्कम कशासाठी हे सांगणारा संकेत) ही रक्कम खोळंबण्याची आणखी कारणे. एमटीएसएस (मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम) मार्गाने केवळ वैयक्तिक रक्कम पाठवता येते, एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत. रोखीने ५०,००० रुपयांपर्यंतच मिळतात. हवाला बेकायदा आहे.

एनआरई वा एनआरओ खात्यात निवासी नातेवाईक ‘प्रथम धारक किंवा उत्तरजीवी’ (पहिल्या धारकाच्या पश्चात दुसऱ्याकडे हक्क) अटीवर सहधारक होऊ शकतो. मुखत्यारपत्रधारकाला स्थानिक देणी भागवता येतात, पण खातेदाराच्या वतीने भेट देता येत नाही.

देश सोडताना जुने बचत खाते एनआरओ म्हणून नोंदवून घ्यावे लागते. अनेक जण ते तसेच चालू ठेवतात. तसे केल्यास फेमाखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. कायमचे परतल्यावर एनआरई खाते निवासी खात्यात किंवा शिल्लक आरएफसी (निवासी परकीय चलन) खात्यात वळवतात, तर एफसीएनआर-बी ठेव ठरलेल्या दराने मुदत संपेपर्यंत ठेवता येते.